डब्यातल्या अन्नपूर्णा: वाडे रिकामे करणाऱ्या बडोद्यातल्या मराठी घरांना खुले पत्र

प्रति,
दांडिया बाजार, रावपुरा, वाडी, बाबाजीपुरा आणि आसपासच्या जुन्या वाड्यांतली वडीलधारी मंडळी, तसेच वाटण्यांसाठी पुण्या-मुंबईहून आणि अमेरिकेहून येणारी त्यांची मुले, सुना व लेकी

सप्रेम नमस्कार.

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं की पुढे काय काय होतं, ते आता आपल्याकडे सगळ्यांना पाठ झालंय. सागवानी खांब आणि कोरीव दरवाजे यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेलं असतं. हंडे, घंगाळी, पराती मोडीत जातात. चांदीचे टाक भावाभावांत मोजून वाटले जातात. शाळिग्राम आणि बाण कुणीतरी थोरला मुकाट्याने घेतो. आणि सगळ्यात शेवटी देवघराच्या खालच्या खणातून एखादा बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघतो. आत चार-पाच पितळी मूर्ती, बोटभर उंचीच्या. मांडी घालून बसलेल्या, दोन्ही हातांत आडवी पळी धरलेल्या. नाकडोळे झिजून गेलेले. 'या इतक्या अन्नपूर्णा आपल्याकडे कशा?' असं कुणीतरी विचारतं आणि उत्तर द्यायला घरातलं माणूस उरलेलं नसतं.

त्या डब्याबद्दल हे पत्र आहे.

मी नोकरीची सारी वर्षं संग्रहालयातल्या धातूच्या वस्तूंवर काम केलं. आता ओळखीपाळखीतून वाड्यांवर बोलावणी येतात. 'ताई, याचे किती येतील?' हा पहिला प्रश्न बहुतेक ठरलेला. त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे बोलता येईल. फारसे येणार नाहीत. जुन्या वस्तूंचे व्यापारी अशा प्रत्येक मूर्तीला 'ब्राँझ' म्हणतात. पण ब्राँझ म्हणजे कासं, त्यात तांब्याबरोबर कथील असतं. आपल्या घरगुती देवांतले बहुतेक पितळेचे, म्हणजे तांबं आणि जस्त. 'पंचधातू' हा शब्दही आपण फार सढळ हाताने वापरतो. शिवाय अशा अन्नपूर्णा महाराष्ट्रभर पुष्कळ आहेत आणि झिजलेल्या मूर्तीला बाजारात भाव कमी. तेव्हा पैशाचा विचार असेल तर तो इथेच सोडलेला बरा.

आता त्या इतक्या का, ते. लग्नाच्या दिवशी बोहल्यावर जाण्याआधी मुलगी गौरीहर पूजते. तांदळाच्या राशीवर अन्नपूर्णा बसवलेली असते आणि मामा न्यायला येईपर्यंत नवरी तिच्यावर अक्षता वाहत बसते. नंतर ती अन्नपूर्णा मुलीबरोबर सासरी जाते. काही घरांत जोडीला बाळकृष्णही देतात. कुलदैवताचे टाक, शाळिग्राम, पंचायतन हे सगळं बापाकडून मुलाकडे येतं. अन्नपूर्णा तेवढी बाहेरून येते, सुनेच्या माहेरून. म्हणजे डब्यात पाच अन्नपूर्णा असतील तर त्या घरात निदान पाच सुना अन्नपूर्णा घेऊन आल्या होत्या, एवढं तरी नक्की.

आता आपल्या वंशावळी काढून बघा. बडोद्याच्या मराठी घरांना वंशावळीचा अभिमान फार. कुणाचा मूळपुरुष दमाजीराव गायकवाडांबरोबर आला, कुणाचा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीला लागला, हे सारं व्यवस्थित लिहिलेलं असतं. बायकांच्या जागी मात्र 'पत्नी' किंवा फार तर सासरचं नाव. तेही लग्नात बदललेलं. माहेरी तिला काय म्हणत, ती नाशिकची की साताऱ्याची, ग्वाल्हेरहून आली की इंदूरहून, याचा पत्ता नाही. संस्थानी गावांतल्या मराठी घरांनी एकमेकांत सोयरिकी जुळवल्या आणि त्या सोयरिकींचा माग आता प्रामुख्याने या झिजलेल्या पितळेत उरलाय. या बायकांतल्या कित्येकींना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आपल्या संस्थानात सर्वत्र लागू झालं ते १९०६ साली. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा १९०४ चा, आणि त्यातसुद्धा मुलीचं किमान वय बारा ठेवलं होतं. त्याआधीच्या नवऱ्या किती लहान असतील ते तुम्हीच ताडा. त्या पोरींनी सोबत आणलेली ही वस्तू आहे.

म्हणून माझी मागणी एकच आहे. अन्नपूर्णा पुढे कुठेही जावो, पूजेत राहो, लेकीकडे जावो, संग्रहालयात जावो नाहीतर नर्मदेत. ती घराबाहेर पडण्याआधी कुणाची होती ते लिहून ठेवा आणि तिचे फोटो काढा. घरात नव्वदीच्या एखाद्या आजी किंवा आत्या असतील तोवर हे होईल. त्यांच्यानंतर मी, संग्रहालय, विद्यापीठ, कुणीही ते सांगू शकणार नाही. मूर्ती पाहून मी फार तर धातू कोणता, घडण कशी आणि काळ साधारण कोणता एवढं सांगेन. ती कुणाच्या ओटीतून आली ते धातूत दिसत नाही.

'फोटो आणि कागद, त्यात एवढं काय?' असं वाटत असेल तर एक हकीकत ऐका. १९१३ साली नॉर्मन मॅकेन्झी नावाचा कॅनडाचा एक वकील काशीला आला होता. घाटाजवळच्या देवळातली दगडी मूर्ती त्याला आवडली आणि कुणीतरी ती त्याच्यासाठी चोरून आणली. पुढे त्याच्या संग्रहाबरोबर ती रेजायना विद्यापीठाच्या कलादालनात पोचली. तिथे नोंद झाली 'विष्णू'. कित्येक दशकं ती विष्णू म्हणूनच राहिली. २०१९ च्या सुमारास दिव्या मेहरा या कलावतीने त्या संग्रहाचे कागद चाळले, तेव्हा तिला शंका आली. मग जाणकाराने नीट पाहिलं, तर एका हातात खिरीची वाटी आणि दुसऱ्या हातात पळी. अन्नपूर्णा! विद्यापीठाने मूर्ती परत दिली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथाच्या आवारात तिची स्थापना झाली. मॅकेन्झीच्या चोरीची हकीकत कागदावर होती म्हणून ती घरी आली. कागद नसता तर अन्नपूर्णा अजून विष्णूच राहिली असती. ती मूर्ती दगडाची आणि देवळातली, आपली पितळेची आणि घरातली, हा फरक मला मान्य आहे. पण पळी न ओळखणारी माणसं आपल्या घरातही आता वाढतायत, हे नाकारू नका.

दुसरं उदाहरण तर आपल्या दारातलं. दांडिया बाजारातून विश्वामित्रीचा पूल ओलांडला की अकोटा. तिथे १९५१ साली जमिनीतून ६८ जैन धातुमूर्ती निघाल्या. कला-इतिहासाचे अभ्यासक उमाकांत शहांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जगभरच्या अभ्यासकांना अकोटा हे नाव कळलं. मूर्ती कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात आहेत. शाळेच्या सहलीत आपण सगळेच त्यांच्यासमोरून गेलोय, इजिप्तची ममी गाठायच्या घाईत. त्यांतली जीवंतस्वामींची मूर्ती सुमारे सहाव्या शतकातली. मुकुट घातलेले, राजवेषातले महावीर. तिच्या पीठावर दान देणाऱ्याचं नाव कोरलंय आणि ते एका बाईचं आहे. चंद्रकुल या जैन परंपरेतली श्राविका, म्हणजे उपासिका, तिचं नाव शहांनी नागीश्वरी असं वाचलं. सहाव्या शतकातल्या अकोट्याच्या बाईचं नाव आपल्याला ठाऊक आहे आणि खापरपणजीचं नाही. मला याची लाज वाटते. तुम्हाला वाटावी असा आग्रह नाही, पण कागद-पेन्सिल घ्यायला तेवढं पुरेल.

काय लिहायचं? जिने आणली तिचं माहेरचं नाव आणि आडनाव, माहेरचं गाव, लग्नाचं साल, सासरचं नाव, ती कुणाची कोण. साल आठवत नसेल तर 'पहिला मुलगा प्लेगच्या साली झाला' असलं काहीही चालेल, त्यावरून काढता येतं. दोन अन्नपूर्णांत गोंधळ असेल तर तसं स्पष्ट लिहा: 'ही किंवा ती, आत्याच्या मते ही'. अंदाज खात्रीच्या सुरात लिहू नका, त्याचा पुढे फार ताप होतो. जुन्या कागदांच्या गाठोड्यात लग्नखर्चाच्या याद्या असतात, बऱ्याचशा मोडी लिपीत. देणंघेणं आणि भांडीकुंडी मांडलेली असते, तिथे देवांचीही नोंद सापडू शकते. वाचता येत नाही म्हणून ते कागद रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे लोक आहेत आणि त्यांना असे कागद बघायची हौस असते.

फोटो मोबाइलवर काढले तरी चालतात. समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि तळातून. शेजारी शाळेची पट्टी ठेवा. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करा. पाठ आणि तळ यांचा आग्रह मी मुद्दाम धरते. पूजेतल्या मूर्तीचा चेहरा सगळ्यात आधी झिजतो, मग गुडघे आणि हात. रोज घासून-पुसून पुढचा भाग गुळगुळीत होतो, पाठ त्यातल्या त्यात वाचते. अंबाड्याची घडण, गळ्यातल्या दागिन्याची मागची गाठ, पदर, हे सगळं तिथे टिकून असतं. अन्नपूर्णा पाठीवरून वाचावी, असं मी शिकाऊ मुलांना सांगायची. तळात बघा की मूर्ती भरीव आहे का पोकळ. बाजूने उभी शिवण दिसली तर ती दोन भागांच्या साच्यात ओतलेली असणार. शिवण नसेल आणि हातची घडण दिसत असेल, तर मेणावर घडवलेली असण्याची शक्यता मोठी. मेणाची मूर्ती करायची, वर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासात ही रीत लिहिली आहे. मेणाचं आधी वजन करून त्याच्या पटीत धातू घ्यावा हेसुद्धा त्यात आहे. माती फोडल्याशिवाय मूर्ती निघत नाही, त्यामुळे एका साच्यातून एकच. तुमच्या डब्यातल्या पाचजणी नीट पाहिल्यात तर पाच ओताऱ्यांचे हात वेगळे दिसतील.

अक्षरं सापडली तर आनंदाने त्यांत रांगोळी किंवा खडू भरू नका. खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च तिरका धरून फोटो काढा, अक्षरं आपोआप उठतात. 'शके' असेल तर ७८ मिळवा, 'संवत' असेल तर ५७ वजा करा. एखाद्या वर्षाचा फरक महिन्यामुळे पडतो. मराठी घरातल्या मूर्तीवर संवत निघाला तर ती इकडे गुजरातेत घडली असेल, ही शक्यताही लिहून ठेवा.

आता साफसफाई. मला बोलावतात तेव्हा बहुधा मूर्ती आदल्या दिवशी चिंच, लिंबू नाहीतर चकाकी आणणारी पावडर लावून लखलखीत केलेल्या असतात, 'ताई येणार' म्हणून! पूजेतल्या मूर्तीला अंघोळ घालू नका असं मी म्हणणार नाही. संग्रहालयाचे नियम देवघराला लावणं हा शहाणपणा नव्हे, आणि ती झीजसुद्धा त्या मूर्तीचीच कहाणी आहे. पण पूजेतून निघून डब्यात पडलेल्या जुन्या मूर्तीला आंबट लावू नका. आम्लाने पृष्ठभागातलं जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबीसर पडतं. ते परत येत नाही. मऊ ब्रश, स्वच्छ पाणी, सुती फडका आणि मग पूर्ण कोरडं करणं, एवढं पुरे.

ऑगस्ट २०२४ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात विश्वामित्री शिरली होती, त्यांनी डबे आजच उघडून बघावेत. जुन्या धातूवरचा गर्द हिरवा किंवा तपकिरी थर घट्ट बसलेला असेल तर घाबरायचं कारण नाही. पण फिकट हिरवी, नखाने निघणारी भुकटी ठिपक्याठिपक्यांनी दिसली तर तो रोग आहे. क्षार आणि दमट हवा मिळाली की तो तांबं आतून खात जातो. ती मूर्ती बाकीच्यांपासून वेगळी करा, कोरड्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. घरी खरवडत बसू नका.

शास्त्राचा मुद्दा टाळता येत नाही, कारण बहुतेक मूर्ती त्याच वाटेने जातात. घरात दोन शिवलिंगं, तीन गणपती, तीन देवी पुजू नयेत असं वचन आहे आणि ते गुरुजींकडून ऐकून जास्तीच्या अन्नपूर्णा चांदोदला नर्मदेत सोडल्या जातात. मी भटजी नाही, तेव्हा त्या वचनावर वाद घालणार नाही. फक्त इतकंच सुचवते की पूजू नये आणि ठेवू नये या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुरुजींना तसं स्पष्ट विचारा. विधिवत पूजेतून काढलेली मूर्ती कपाटात जपून ठेवायला दोष आहे का? आणि विसर्जन करायचंच ठरलं, तर नोंद आणि फोटो करायला मुहूर्त लागत नाही.

वाटणीत अन्नपूर्णा कुणाला, यावर माझं मत स्पष्ट आहे. आधी लेकींना विचारा. वाड्याच्या पैशाचं काय ते वकील बघतील. ही वस्तू बायकांच्या वाटेने आली, तिने त्याच वाटेने पुढे जावं.

पण लेक न्यू जर्सीत असेल तर अडचण आहे, आणि ती लपवून उपयोग नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुनी मूर्ती ही पुरावस्तू ठरते. हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. ती घरात ठेवायला, वारशाने द्यायला काही अडत नाही. धातूच्या मूर्तींची नोंदणी मात्र पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करायची असते आणि मालकी बदलली तर कळवावं लागतं. देशाबाहेर खासगी व्यक्तीला ती नेता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं आणि दंड. बॅगेत साडीच्या घडीत घालून न्यायचे सल्ले देणारे खूप भेटतात, विमानतळावर ते सोबत नसतात. वयाबद्दल शंका असेल तर खात्याच्या तज्ज्ञांना दाखवून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेता येतो. खरोखरच जुनी असेल, तर एका घराने काढलेला मार्ग मला पटला. गौरीहर पणजीच्या अन्नपूर्णेसमोर पुजलं आणि शेजारी नवी ठेवली. नवरीबरोबर नवी गेली, जुनी मावशीकडे बडोद्यातच राहिली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर देवळं लुटणाऱ्या टोळ्या होत्या, नवऱ्या नव्हत्या. त्या टोळ्या अजून आहेत, त्यामुळे कायदा सैल करा असं मीही म्हणणार नाही.

'मग संग्रहालयालाच देऊन टाकतो', असं काहीजण सुटका झाल्यासारखं म्हणतात. द्यायला हरकत नाही, पण आधी विचारून आणि चिठ्ठीसह. चिठ्ठी नसलेली अन्नपूर्णा कोठारात 'पितळ, महाराष्ट्र, १८वे-१९वे शतक' एवढीच नोंद होऊन पडते. आम्ही तशा नोंदी केल्या आहेत, दुसरं काही लिहिण्यासारखं आमच्या हातात नव्हतं. जाता जाता विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी (संग्रहालयशास्त्र) विभागालाही विनंती: १९५२ पासून तुम्ही या शहरात विद्यार्थ्यांना वस्तूंच्या नोंदी घ्यायला शिकवताय. वर्षातून एखादा आठवडा ती मुलं कॅमेरा आणि वजनकाटा घेऊन रावपुऱ्यातल्या घरांत पाठवा. चहा-चिवड्याची सोय घरं करतील, याची हमी माझी.

चिठ्ठी कशी बांधायची ते सांगून थांबते, कारण तिथेच घोटाळे होतात. कागद जाड घ्या आणि पेन्सिलीने लिहा. शाई ओलीने पसरते. चिकटपट्टी मूर्तीला लावू नका, रबरबँड तर मुळीच नको, त्यातल्या गंधकाने धातू काळा पडतो. साधा सुती दोरा कमरेभोवती सैल गुंडाळा आणि चिठ्ठी त्याला बांधा. मूर्ती सुती कापडात गुंडाळा, वर्तमानपत्रात नाही. चिठ्ठीचा फोटो काढून निदान दोन घरांत ठेवा, एक त्यातलं लेकीचं असू द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त संग्रहालय कर्मचारी, बडोदे